बारा मिनिटांनी विझणारी शेकोटी : एका गॅस फायरप्लेसचं निदान

काकूंचा फोन आला तेव्हा जानेवारीतला शनिवार होता आणि बाहेर उणे १९. "अरे, आमच्या शेकोटीला काहीतरी लागलंय. आपोआप विझते आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप पेटते. काल रात्री मी एकटीच खाली बसले होते, एकदम भडका झाला. माझं काळीज हललं."

मी कॅनडातल्या ओन्टारियोत गॅसचं काम करतो. मूळचा इचलकरंजीचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा तिथलाच. इथे आल्यावर जी-२ हा परवाना काढला. तो असला की घरगुती भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, फायरप्लेस अशा ताशी ४,००,००० बीटीयूपर्यंतच्या उपकरणांवर स्वतंत्रपणे काम करता येतं (बीटीयू हे उष्णतेचं माप). परवाना नसलेल्या माणसाने गॅसच्या जोडणीला हात लावणं इथे बेकायदेशीर आहे, आणि तसं असणं मला पूर्णपणे योग्य वाटतं. काका-काकू टोरांटोलगतच्या मिसिसागात राहतात. ओळख मंडळाच्या गणेशोत्सवातली. त्यामुळे शनिवार असला तरी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या शेकोटीवर वर्षभरात दोन वेगवेगळी निदानं झाली होती. एकात सुटा भाग बदलला गेला. दुसऱ्यात त्याहून महागडा भाग बदलायचा ठरत होता. आणि दोन्ही वेळा मीटर नीट लावलाच गेला नव्हता.

यंत्र काय होतं

घर नव्वदीच्या दशकातलं. तळघरातल्या बसायच्या खोलीत भिंतीत बसवलेली नैसर्गिक वायूवरची फायरप्लेस, साधारण २५,००० बीटीयूची. समोर जाड काच, आत सिरॅमिकची खोटी लाकडं. मागच्या भिंतीतून दुहेरी नळी बाहेर जाते. आतल्या नळीतून धूर बाहेर, बाहेरच्या नळीतून जळण्यासाठी हवा आत. म्हणजे ज्वाळेचा खोलीतल्या हवेशी संबंध नाही, काच बंद असेल तोवर.

पेटवण्याची व्यवस्था जुन्या पद्धतीची, म्हणजे कायम जळणारा पायलट. अंगठ्याएवढी निळी ज्योत, चोवीस तास. काका तिला नंदादीप म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडला. भिंतीवरचं बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, बर्नरमध्ये गॅस येतो आणि नंदादीपावर तो पेट घेतो.

काकूंनी लगेच विचारलं, "पुण्याच्या गॅस गिझरसारखे याचे सेल बदलायचे असतील ना?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडच्या गिझरमध्ये दोन मोठे सेल असतात. नळ उघडला की टकटक ठिणगी पडते, सेल उतरले की गिझर रुसतो. निम्म्या महाराष्ट्राला ही दुरुस्ती पाठ आहे. पण या शेकोटीत सेल नाहीत, आणि भिंतीतल्या विजेशीही तिचा संबंध नाही. व्हॉल्व्ह उघडायला लागणारी वीज ती पायलटच्या ज्योतीतूनच काढते.

ज्योतीत दोन दांड्या उभ्या असतात. बारीक दांडी थर्मोकपलची आणि जाड दांडी थर्मोपाइलची. दोन वेगळ्या धातूंचा जोड एका टोकाला तापवला आणि दुसरं टोक थंड राहिलं की विद्युतदाब निर्माण होतो, हे सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखवलं. थर्मोकपलमध्ये असा एकच जोड असतो आणि तो २५-३० मिलिव्होल्ट देतो. तेवढ्यावर एक छोटं चुंबक पायलटचा गॅस चालू ठेवतं. ज्योत विझली की थर्मोकपल थंड पडतो, चुंबक सुटतं, गॅस बंद. थर्मोपाइलमध्ये असे पुष्कळ जोड एकापाठोपाठ एक बांधलेले असतात, त्यामुळे तो ५०० ते ७५० मिलिव्होल्टपर्यंत जातो. मुख्य बर्नरचा व्हॉल्व्ह त्या अर्ध्या व्होल्टवर उघडतो आणि उघडा राहतो.

ही अर्ध्या व्होल्टची गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आधी काय झालं होतं

मी पोहोचलो तर आधी चहा आला. तो पिताना मी काकांकडून इतिहास काढून घेतला. माझ्या अनुभवात ही दहा मिनिटं हत्यारांच्या पेटीइतकीच कामाची असतात. "पेटत नाही" या दोन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात. ठिणगीच पडत नाही, पायलट पेटतो पण व्हॉल्व्हची फिरवायची मूठ सोडली की विझतो, किंवा पायलट शाबूत पण मुख्य बर्नर येत नाही. पहिला आजार ठिणगी पाडणाऱ्या पायझोचा किंवा त्याच्या तारेचा, दुसरा बहुधा थर्मोकपलचा, तिसरा थर्मोपाइलपासून बटणापर्यंतच्या मार्गातला. काकांची तक्रार तिसऱ्या जातीची होती, पण सुरुवात वेगळी होती.

उन्हाळ्यात ते पायलट बंद ठेवतात, कारण तो जळत राहिला की गॅस खातो आणि तळघरही तापतं. ऑक्टोबरात परत पेटवताना त्यांना अर्धा तास लागला. ठिणगी पडत होती, ज्योत येत नव्हती. यात बिघाड काहीच नव्हता. महिनोन्‌महिने बंद असलेल्या बारीक नळीत हवा भरलेली असते. पायलटच्या खुणेवर मूठ दाबून धरली की ती हवा निघून गॅस यायला मिनिटभर, कधी जास्तही लागतो. काका दर पाच सेकंदांनी मूठ सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

मग थंडी पडली आणि खरा त्रास सुरू झाला. बटण दाबलं की शेकोटी छान पेटायची. दहा-बारा मिनिटांनी खट् असा आवाज होऊन बर्नर बंद. पायलट मात्र चालू. बटण तसंच ठेवलं तर थोड्या वेळाने आपोआप भडका.

हाच त्रास आदल्या हिवाळ्यातही झाला होता. तेव्हा आलेल्या कारागिराने थर्मोपाइल बदलला आणि दोन महिने सगळं ठीक चाललं. यंदा दुसरा कारागीर आला. त्याने सांगितलं, व्हॉल्व्ह गेलाय, आणि या जुन्या मॉडेलला नवा व्हॉल्व्ह घालण्यापेक्षा अख्खी शेकोटीच बदला. काका गप्प झाले.

त्यांचं गप्प होणं पैशांमुळे नव्हतं. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण ओन्टारियोत गोठणारा पाऊस पडला होता. झाडं, तारा सगळं बर्फाने जड होऊन कोसळलं. एकट्या टोरांटोत तीन लाख ग्राहकांची वीज गेली आणि अनेकांची कित्येक दिवस आली नाही. मध्यवर्ती भट्टी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे ती बंद. काकांच्या घरात त्या दिवसांत ऊब होती ती फक्त या शेकोटीची. शेजारची दोन कुटुंबं तळघरात गाद्या टाकून झोपली होती. "विजेवाचून चालणारी ही एकच वस्तू आहे घरात," काका म्हणाले. "ती मी सहजासहजी टाकणार नाही."

काच काढण्याआधी

आधी बाहेर गेलो. धुराच्या नळीचं तोंड मागच्या अंगणात जमिनीपासून गुडघाभर उंचीवर होतं. बर्फ साचला होता, पण तोंड मोकळं होतं. आजूबाजूचा बर्फ फावड्याने आणखी दूर केला.

हे मी प्रत्येक घरी करतो. टोरांटोच्या नैऋत्येला वुडस्टॉक नावाचं गाव आहे. तिथे डिसेंबर २००८ मध्ये हॉकिन्स कुटुंबातले आई, वडील आणि दोन मुलं कार्बन मोनॉक्साइडने गेली. गॅस फायरप्लेसची धूर जाण्याची वाट तुंबली होती आणि घरात त्या वायूचा इशारा देणारा अलार्म नव्हता. आई पोलीस दलात होती. तिच्या काकांनी पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये ओन्टारियोने कायदा केला. त्याला त्या कुटुंबाचं आणि त्या काकांचं नाव आहे, हॉकिन्स गिनॅक कायदा. गॅसवर चालणारं उपकरण असलेल्या घरात झोपण्याच्या जागेजवळ असा अलार्म लावणं त्या कायद्यातून बंधनकारक झालं. काकांकडे अलार्म होता, पण खालच्या बाजूची तारीख वाचली तर त्याचं आयुष्य संपून दोन वर्षं झाली होती. हिरवा दिवा लागत होता म्हणून त्यांना तो चालू वाटत होता. माझ्या गाडीत नवा होता, तो आधी लावला, मग पुढचं काम.

आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरने माणसं दगावतात, तीही याच वायूने. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसला जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेल्यावर तो उरत नाही.

मग गॅसचा दाब पाहिला. आत येणारा दाब ७ इंच जलस्तंभ, म्हणजे ७ इंच उंच पाणी तोलून धरेल एवढा. घरातली भट्टी आणि पाण्याची टाकी दोन्ही मुद्दाम चालू करून पुन्हा पाहिला, तर ६.८. बर्नरकडे जाणारा दाब ३.५. सगळं जागच्या जागी. भट्टी सुरू झाली की शेकोटीला गॅस कमी पडतो की काय, ही माझी पहिली शंका होती. ती तिथेच मिटली.

मीटरवर

व्हॉल्व्हवर तीन टर्मिनल असतात. टीपी, टीएच आणि दोघांच्या सामाईक कामाचा टीपीटीएच. थर्मोपाइलच्या दोन तारा टीपी आणि टीपीटीएचवर येतात. भिंतीवरच्या बटणाच्या दोन तारा टीएच आणि टीपीटीएचवर. बटण दाबलं की थर्मोपाइलची वीज बटणातून फिरून व्हॉल्व्हच्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, जाते.

बटण बंद ठेवून थर्मोपाइल मोजला. ४२० मिलिव्होल्ट.

हा आकडा फसवा आहे. बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की बटण बंद असताना किमान ३२५ हवेत. ४२० म्हणजे पास. माझा अंदाज आहे की यंदाच्या कारागिराने इथेच मीटर पेटीत ठेवला. थर्मोपाइल पास, गॅसचा दाब बरोबर, तरी बर्नर बंद पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह खराब. तर्क म्हणून चुकीचं काही नाही. पण बटण बंद असताना मोजलेला दाब म्हणजे बसलेल्या बैलाची ताकद. त्याला गाडी जोडून चढावर बघायला हवं.

म्हणून बटण चालू केलं. बर्नर पेटला. आता तीन ठिकाणी मोजलं. थर्मोपाइलच्या टोकांवर २४९, व्हॉल्व्हच्या वेटोळ्यावर १५२, आणि बटणाच्या दोन तारांच्या टर्मिनलांमध्ये ९७.

शेवटचा आकडा पाहून मी दोनदा मोजलं. चालू बटण म्हणजे जोडलेली तार. तिच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच फरक दिसू नये, फार तर थोडे मिलिव्होल्ट. इथे ९७ मिलिव्होल्ट बटण आणि त्याच्या ताराच खात होत्या. थर्मोपाइल जेवढं कमावतो त्याचा जवळपास चौथा हिस्सा.

हिशेब सरळ आहे. त्या थर्मोपाइलचा आतला रोध सुमारे २.८ ओहम, व्हॉल्व्हच्या वेटोळ्याचा २.५. मधे बटणाच्या मार्गाचे १.६ ओहम भरीला. घरातल्या १२० व्होल्टच्या दिव्याला १.६ ओहमने काही फरक पडत नाही. ६० वॅटच्या दिव्याचा एक व्होल्टही जात नाही, डोळ्याला कळणारही नाही. पण अर्ध्या व्होल्टच्या संसारात १.६ ओहम म्हणजे घरात बसलेला सावकार.

तरीही १५२ मिलिव्होल्टवर व्हॉल्व्ह उघडा होता, शेकोटी सुरेख जळत होती. मग बारा मिनिटांनी काय होतं? मी स्टूल ओढून मीटरसमोर बसलो. काकूंनी पोहे आणून दिले. पाचव्या मिनिटाला वेटोळ्यावर १४१. आठव्याला १३०. बाराव्या मिनिटाला १२०, आणि खट्.

ताबडतोब बटण बंद करून थर्मोपाइल मोजला. ४२० चे ३३० झाले होते.

थर्मोपाइल नुसत्या उष्णतेवर वीज देत नाही. गरम टोक आणि थंड टोक यांच्या फरकावर देतो. सुरुवातीला पेटी थंड असते, दांडीचं बूड थंड असतं, फरक मोठा असतो. बर्नर दहा मिनिटं जळला की अख्खी पेटी तापते आणि दांडीचं बूडही तापतं. वरचं टोक तेवढंच, खालचं टोक वर आलेलं, म्हणून फरक कमी. नवी, निरोगी शेकोटीही असे काही मिलिव्होल्ट गमावते. फक्त तिच्याकडे घसरायला जागा असते. इथे ती जागा बटणाच्या तारांनी आधीच खाल्ली होती.

आणि काकूंचं भूत? बर्नर विझला की पेटी निवते, दांडीचं बूड निवतं, फरक परत वाढतो. बटण अजून चालूच असतं. मिटलेला व्हॉल्व्ह उचलायला उघडा धरून ठेवण्यापेक्षा जास्त ताकद लागते, म्हणून तो लगेच उघडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी तेवढा दाब जमला की उघडतो, आणि भडका होतो. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे मी उगीच तीन रात्री वर जाऊन झोपले."

जंपर

आता शंका एकाच जागी अडकली होती, पण ती सिद्ध करायची होती. पेटी अजून तापलेलीच होती, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती. बटणाच्या दोन्ही तारा व्हॉल्व्हवरून काढल्या आणि त्या जागी बोटभर लांबीची जाड तार, म्हणजे जंपर, लावली. भिंत, बटण, लांबच्या तारा सगळं बाजूला. बर्नर पेटला आणि २५ मिनिटं जळत राहिला. वेटोळ्यावर सगळ्यात कमी दिसले ते १५६. खट् झालं नाही.

ज्या व्हॉल्व्हला बाद ठरवलं होतं, तो ठणठणीत होता.

बटणाची पाटी उघडली. आत साधं दिव्याचं बटण, वर्षानुवर्षांचं. त्याला जोडलेली तार पाहून सगळं उलगडलं. ती टेलिफोनची तार होती, केसासारखी बारीक, २४ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). काकांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी तळघर नव्याने सजवून घेतलं तेव्हा बटण शेकोटीजवळून हलवून जिन्यापाशी नेलं होतं. ते काम करणाऱ्याने हाताला लागली ती तार ओढली आणि जुन्या तारेला पिळून जोडली. आठ मीटर जाणं, आठ मीटर येणं. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम, म्हणजे सोळा मीटरला १.३५. उरलेले पाव ओहम त्या पिळलेल्या जोडाचे आणि बटणाच्या काळवंडलेल्या स्पर्शबिंदूंचे. १२० व्होल्टचं बटण चालू-बंद होताना लहानसा विद्युत-स्फुल्लिंग तो काळा थर जाळून टाकतो. अर्ध्या व्होल्टला तेवढी धग नसते, थर तसाच राहतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. भिंतीतलं हे बटण दिव्याच्या बटणासारखं दिसतं, म्हणून कुणीतरी त्यात १२० व्होल्टची तार जोडतं. तसे जळालेले व्हॉल्व्ह मी हातात घेतले आहेत. तळघराचं काम काढणार असाल तर काम करणाऱ्याला त्या बटणाकडे बोट दाखवून सांगा की यात घरची वीज नाही आणि येताही कामा नये.

मी १८ गेजची नवी अखंड तार ओढली, मधे जोड न ठेवता. तिचा सोळा मीटरला रोध ०.३३. नवं बटण बसवलं. काका भिंतीवरचा रंग खराब होईल म्हणून काळजीत होते, पण जुनी तार बांधून नवी ओढून घेता आली, भिंत फोडावी लागली नाही.

इथे थांबलो असतो तर

शेकोटी आता चालली असती. बहुधा पुढच्या हिवाळ्यापर्यंत. पण ते ४२० मला खटकत होतं. थर्मोपाइल वर्षभरापूर्वी बदललेला. त्या वयाच्या थर्मोपाइलने थंड पेटीत ५०० च्या वर द्यायला हवं. आधीच्या दुरुस्तीनंतर दोन महिने सगळं ठीक चाललं होतं, यातच उत्तर होतं. नव्या थर्मोपाइलने थोडी जास्तीची कमाई आणली आणि तारांचं कर्ज काही दिवस झाकलं गेलं. मग कुठेतरी कमाईच कमी होत गेली.

काचेतून पायलटकडे नीट पाहिलं. ज्योत मऊ होती, टोकाला पिवळट, आणि थर्मोपाइलच्या फक्त शेंड्याला चाटत होती. चांगली ज्योत निळी, टोकदार असते आणि दांडीचा वरचा सेंटीमीटरभर भाग गुंडाळून घेते.

गॅस बंद केला आणि पेटी पूर्ण निवेपर्यंत तासभर थांबलो. ही काच हाताळायची घाई कधी करू नका. चालू असताना ती इतकी तापते की लहान मुलाच्या तळहाताची कातडी सेकंदात भाजते. १ जानेवारी २०१५ नंतर बनलेल्या शेकोट्यांना काचेपुढे जाळी देणं त्याच कारणाने सक्तीचं झालं. काकांची शेकोटी त्याआधीची, जाळी नाही, आणि नात नुकती रांगायला लागलेली. काकूंना मी सांगितलं की बाकी काही करा न करा, जाळी आणा. दोन दिवसांत आणली.

काच काढली, लाकडांचा फोटो घेतला, मग ती एकेक करून बाहेर. लाकडं जशी होती तशीच परत बसली पाहिजेत. एखादं ज्वाळेत सरकलं तर काजळी धरते, आणि काजळी म्हणजे अपुरं जळणं. पायलटच्या बुडाशी हवा ओढून घेणारं एक छोटं भोक असतं. त्यात कोळ्याचं जाळं आणि राखाडी धुळीची गुठळी होती. या शेकोटीला हवा बाहेरून येते, म्हणून अंगणातले कोळी नळीतून आत येतात. उन्हाळाभर पायलट बंद असला की त्यांना कुणी हुसकावत नाही. हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि आळशी होते. पिवळी ज्योत दिसायला मोठी असते, धग मात्र तिच्यात कमी.

दाबाखालच्या हवेने भोक आणि गॅसची तोटी साफ केली. सुई घातली नाही. तोटीचं भोक केसभर जरी मोठं झालं तरी पायलटची मापं कायमची बिघडतात. जोड पुन्हा घट्ट केले, साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहिलं. काचेच्या कडेचं सील तपासलं, काच बसवली.

पायलट पेटवला. निळी, ताठ ज्योत. थर्मोपाइल ५९०.

बटण चालू केलं. वेटोळ्यावर २६३. आता घाई नव्हती. आम्ही तिघं समोर बसलो, काकांनी २०१३ च्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली, शेजारच्या आजींनी अंधारात म्हटलेल्या गाण्यासकट. अर्ध्या तासाने वेटोळ्यावर २२३. बटण बंद करून तापलेल्या पेटीत थर्मोपाइल ५००. पूर्वीच्या थंड पेटीतल्या आकड्यापेक्षा ८० ने जास्त.

मागचा हिशेब

एकाच बिघाडाने ही शेकोटी विझत नव्हती, आणि म्हणूनच दोन कारागीर चकले असं मला वाटतं. बारीक तारेने एकटीने तिला विझवलं नसतं. तार टाकल्यावरचा पहिला हिवाळा निर्विघ्न गेला होता, कारण पायलट तेव्हा स्वच्छ होता. पायलट एकट्याने मळला असता तरी जंपरच्या परीक्षेने दाखवलं तसं ती जळत राहिली असती. दोन्ही एकत्र आले आणि त्यात तापणाऱ्या पेटीची नेहमीची घसरण मिळाली, तेव्हा कुठे आकडा १२० पर्यंत आला. असा आजार शोधताना एक भाग बदलून बरं वाटलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. गेल्या वर्षीच्या थर्मोपाइलने नेमकं तेच केलं.

घरच्या माणसाने यातलं काय करावं, हे काकांनी मला विचारलं. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पायलट पेटवणं, आणि पेटला नाही तर मूठ बंद करून पाच मिनिटं थांबून मगच पुन्हा प्रयत्न करणं. कारण आत साठलेला गॅस एकदम पेटला तर काच फुटू शकते. पायलटच्या ज्योतीचा रंग ओळखणं. बाहेरच्या नळीसमोरचा बर्फ काढणं. अलार्मची तारीख बघणं. आणि विझण्याची वेळ घड्याळ लावून लिहून ठेवणं. बटण दाबताच विझते की बारा मिनिटांनी, हे काकांनी मला नेमकं सांगितलं होतं, आणि माझं निम्मं काम तिथेच झालं होतं. गॅसचा वास आला तर मात्र यातलं काहीच नाही. बटणांना हात न लावता घराबाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. काच काढणं, तोटी, नळ्या, व्हॉल्व्ह हे सगळं परवानाधारकाचं.

निघताना शेकोटीच्या खालच्या झडपेच्या आत एक चिठ्ठी चिकटवली. तारीख, ५९०, २६३, तापल्यावर २२३. पुढे कुणीही आला, मी असो वा दुसरा, तर त्याच्याकडे तुलनेला काहीतरी असेल.

पुढच्या ऑक्टोबरात काकांनी उन्हाळ्यानंतर पायलट पेटवला, मूठ पूर्ण दीड मिनिट दाबून धरून. मी सफाईला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच झडप उघडून मला चिठ्ठी दाखवली. खाली माझ्या नव्या आकड्यांसाठी त्यांनी पेनने रेघ ओढून ठेवली होती. मी लिहिलं, ५७५, २५५.

काकूंनी वरून विचारलं, "पास का रे?"

"पास," काका म्हणाले.